टपालकाकांनी वाचलेली पत्रं

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींचं. मी ते इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं की घडीवर कागद विरायला लागला, म्हणून मागून चिकटपट्टी लावली.

"धाकटे, हे मी लिहिलं. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. आता डब्यातली तुझी जुनी पत्रं माझी मी वाचणार आहे. आधी सांगावं म्हणून सांगितलं."

तीन वर्षांत तू माझ्याशी बोललेली एवढीच चार वाक्यं. पहिल्या दोन वाक्यांनी मला रडू आलं आणि तिसऱ्यानं भीती वाटली.

तुझं अक्षर चांगलं आहे. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. दिवसभर मुलामुलींच्या वह्या तपासणं हेच आता माझं काम आहे, आणि मला कुणाचं उगाच कौतुक करता येत नाही हे तुला ठाऊक आहे. एकेक अक्षर पाय रोवून उभं आहे. दोन शब्दांमध्ये तू बोट ठेवून जागा सोडली असशील, कारण एका ठिकाणी शाईचा ठसा उमटलाय. पूर्वी तुझा अंगठा कागदाच्या तळाशी यायचा. आता मध्येच कुठेतरी चुकून आलेला बघून बरं वाटलं.

मी मोठ्या अक्षरात, एकेक ओळ सोडून लिहिते आहे. जोडाक्षरं टाळायची असं ठरवून बसले होते, पण पहिल्याच ओळीत 'पत्र' लिहितानाच हरले. अडलं तर तुला शिकवायला आलेल्या मुलीला विचार. फक्त ज्या पानाचा कोपरा मी दुमडला असेल ते पान एकटीच वाच.

डबा उघडू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. डबा आईचा, पत्रं तुमची. मी फक्त एवढंच विचारते, की थोडे दिवस थांबशील का? फोन लागला असता तर मी कालच केला असता, आणि तुझा आवाज ऐकून काही न बोलता ठेवला असता. वस्तीवर तो लागत नाही हे बरंच आहे.

त्या डब्यात सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटी आलेलं, एक पत्र आहे. ते वाचलंस की तू एक तर मला सोडशील, नाही तर टपालकाकांना. ते कसं, हे तुला आधी माझ्याकडून कळावं. कागदावरून कळू नये. (हेही कागदावरूनच कळणार आहे म्हणा.)

आई आजारी असताना मी का आले नाही हे तुला मी कधी सांगितलंच नाही, आणि तू विचारलं नाहीस. त्या वेळी मी कॉलेजच्या एका प्रकल्पावर होते. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं कुठल्यातरी दूरच्या वस्तीवर जाऊन एकशे वीस तास काम करायचं असतं. वर्गात शिकलेलं तिथं उपयोगी पडतं का ते बघायचं, आणि तिथून जे शिकू ते वहीत लिहायचं. मी बायकांना लिहायला-वाचायला शिकवत होते. ते तास भरले नसते तर माझं वर्ष वाया गेलं असतं.

आज एवढंच. पुढचं लिहायला मला जरा धीर गोळा करू दे.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. टपाल आठवड्यातून एकदा, गुरुवारी वर येतं, तेव्हा माझं पत्रच तुला उद्या मिळेल. उत्तर नाही याचा मी काही अर्थ काढत नाही, असं स्वतःला सांगते आणि काढत बसते.

आधी एक दुरुस्ती. तास भरले नसते तर वर्ष वाया गेलं असतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते तसं नक्की नव्हतं. पुढे सांगते. चुकीचं तसंच ठेवून पुढे जाववत नाही म्हणून इथे नोंद केली.

आज टपालकाकांबद्दल.

तुला आठवतं तसंच मलाही आठवतं. गुरुवारी झुलत्या पुलावर खाकी पिशवी दिसली की आई दारापुढचा दगड झाडून ठेवायची. काका यायचे, त्या दगडावर बसायचे, तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे, सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चला, कुणाकुणाचं काय काय?" साऱ्या वस्तीत वाचणारं कुणी नाही. बाबा गेल्यावर शेळ्या तुझ्याकडे आल्या आणि शाळा माझ्याकडे आली, आणि शिकले तशी मी निघून गेले. मग माझी पत्रं वाचायलाही काकाच.

मी पहिल्या वर्षी घरी पत्र टाकायला बसायचे तेव्हा काय व्हायचं सांगू? 'आई' लिहिलं की डोळ्यांपुढे आई यायची, पण लगेच तिच्या शेजारी काका बसलेले दिसायचे, चष्मा पुसून तयार. वसतिगृहातल्या खोलीत मला झोप येत नाही, बाकीच्या मुली माझ्या बोलण्याला हसतात, तुझ्या हातचं जेवण आठवून मी पांघरुणात तोंड खुपसते, हे सगळं काकांनी मोठ्यानं वाचायचं? आणि शेजारच्या बायकांनी ऐकायचं? जे काकांच्या तोंडून ऐकवणार नाही ते लिहायचं नाही, असं ठरवलं. मग लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. "मी खुशाल आहे. अभ्यास चालू आहे. जेवण वेळेवर असतं. तब्येतीला जपा. पत्र पाठवा." पाच वाक्यं. पाठ झाली होती. तारीख बदलायची आणि टाकायचं.

दुसऱ्या वर्षी मी सुट्टीत घरी आले तेव्हा आईनं दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तांबड्या शेळीचं शिंग तुझ्या बरं लक्षात राहिलं." मला काहीच कळेना. तू आतून निळं कापड आणलंस. म्हणालीस, "तू विचारलं होतंस ना, ते अजून आहे का म्हणून. तुझ्यासाठीच ठेवलं." मी कापड घेतलं. मी विचारलं नव्हतं, ताई. शेळीचं शिंग मोडलंय हे मला ठाऊकच नव्हतं. आई तर सांगत होती की माझं पत्र वाचून होईस्तोवर तिचं सूपभर धान्य निवडून होतं. पाच वाक्यांत सूपभर धान्य!

परत जाताना काका पुलापर्यंत माझ्याबरोबर होते. मी त्यांना काही विचारलं नाही, तेच बोलले.

"तुझी पत्रं फार कोरडी असतात, पोरी," म्हणाले. "तुझी आई सात दिवस वाट बघते. एवढा चढ चढून यायचं आणि 'जेवण वेळेवर असतं' एवढंच तिच्या हातात ठेवून उतरायचं, हे काही मला जमत नाही. मग मी थोडं घालतो. तिनं गेल्या पत्रात जे लिहून घेतलेलं असतं, त्याचंच तुझ्या तोंडून विचारतो. रागावलीस?"

त्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस कोण जाणे. मी हसले. ताई, मी खरंच हसले, कारण मला सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "घालत जा, काका. तुमच्या मनाला येईल ते घाला."

ही परवानगी मी दिली. हे नीट वाच, कारण सगळं इथून सुरू झालं. काकांनी चोरून काही केलेलं नाही.

आणि त्यानंतर मी काय केलं असेल? पाच वाक्यांची तीन केली. बाकीचं काका भरतीलच, असं धरून चालले.

निळं कापड माझ्याकडे तसंच घडी करून आहे. न मागता मिळालेलं शिवून अंगावर कसं घालायचं, म्हणून राहिलं.

धाकटी


१९ फेब्रुवारी

(या पानाचा कोपरा दुमडला आहे.)

ताई,

मी ज्या वस्तीवर शिकवायला जात होते ती खाणीजवळ होती. घरांच्या पत्र्यांवर, झाडांच्या पानांवर, बायकांच्या पापण्यांवर सगळीकडे एकच पांढरी धूळ. बायका दिवसभर खडी फोडायच्या आणि संध्याकाळी कचेरीच्या ओट्यावर माझ्यापुढे पाट्या घेऊन बसायच्या. त्यांत एक मावशी होत्या, आईच्याच वयाच्या. त्यांच्या बोटांना इतके घट्टे होते की खडू हातात आहे की नाही हे त्यांना बघावं लागायचं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई, मला हातोडी द्या, तिनं लिहिते." सगळ्या हसल्या, मीही हसले. महिन्याभरात त्यांनी औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचली आणि दुकानदाराला ते परत केलं. मग बाकीच्या आपापल्या घरातली पाकिटं घेऊन आल्या. ओट्यावर औषधांचा ढीग झाला. निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली. त्यावरून त्यांनी अर्ज लिहिला. मी फक्त कागद दिला. आता तिथे दर मंगळवारी नर्स येते, अजूनही.

हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. ते काम खोटं नव्हतं, एवढंच तुला कळावं. खोटी मी होते.

तिथे मला सगळ्या 'बाई' म्हणायच्या. बसायला स्टूल द्यायच्या. मी ओट्याची पायरी चढले की बोलणं थांबायचं. ताई, घरी मला धारसुद्धा काढता येत नव्हती. मी घरात आले की तू आणि आई पाहुणी आल्यासारखं हळू आवाजात बोलायचात, आणि माझ्या हातून काहीही सांडायचं. त्या ओट्यावर माझ्या हातून काही सांडत नव्हतं.

त्या दिवशी मी बायकांना पहिलं पत्र लिहायला सांगितलं होतं. आपापल्या लेकीला, बहिणीला, ज्याला हवं त्याला. मावशींनी पाटीवर लिहिलं, "मी बरी. तू ये." पाटी मला दाखवून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या आईला येतं का वाचता?" मी म्हटलं, हो.

तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं. काकांच्या अक्षरातलं, खाली तुझा अंगठा. "आईच्या अंगावर सूज आहे. श्वास लागतो. तुझं नाव घेते. असशील तशी ये."

प्रकल्पाच्या मॅडमना मी ते दाखवलं. त्यांनी पुरतं वाचलंही नाही. "तू अजून इथे काय करते आहेस?" म्हणाल्या. "जा. तास काही पळून जात नाहीत, नंतर भर." हीच ती दुरुस्ती, ताई. वर्ष वाया जाणार नव्हतं. मला कुणीच अडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरून निरोप आलाय, आईला उतार पडलाय.

मला भीती वाटली. आईच्या दुखण्याची नाही, किंवा तिचीही, पण कमी. जास्त भीती याची, की आले तर मी परत जाऊ शकणार नाही. आई अंथरुणावर, शेळ्या तुझ्याकडे, मग कुणीतरी घरात हवंच. तू तोंडानं म्हणाली नसतीस. तू फक्त माझ्याकडे बघितलं असतंस, आणि मी राहिले असते. इतकी वर्षं जे मिळवलं ते त्या एका बघण्यात गेलं असतं, असं मला वाटलं. आणि वाटलं की आई काय, बरी होईल.

मग मी पत्र लिहिलं. डब्यात सगळ्यात वर आहे ते. त्यात तीन वाक्यं आहेत.

"आईस डॉक्टरांना दाखवा. माझी परीक्षा आहे. मला येता येणार नाही."

परीक्षा नव्हती.

मी आले तेव्हा आई जाऊन नऊ दिवस उलटून गेले होते. दारात तू उभी होतीस. आत रिकामी बाज दिसत होती. नेहमी भिंतीकडे असायची, तेव्हा दाराकडे तोंड करून होती. तू म्हणालीस, "'निघाले, येते' म्हणून लिहिलंस. रोज दाराकडे बघत होती ती."

तेव्हाच मला कळलं की काकांनी काय वाचलं.

त्यांनी चष्मा पुसला असेल. ती तीन वाक्यं त्यांनी आधी मनात वाचली असतील. समोर आई असेल, तसा श्वास घेत असलेली. आणि मीच त्यांना सांगितलं होतं, तुमच्या मनाला येईल ते घाला.

तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर? "मी तसं लिहिलं नव्हतं," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मी काकांना वाचवते आहे, अशी मी पुढची तीन वर्षं स्वतःची समजूत घातली. तेही खरं नाही. 'येते म्हणून आली नाही' आणि 'येत नाही म्हणून लिहिलं' यांतलं पहिलं मला जरा कमी वाईट दिसलं. पहिल्यात वाटेत काही अडलं असेल, असं कुणी तरी समजून घेईल. म्हणून मी काकांच्या शब्दांच्या आड उभी राहिले.

पुढे माझ्या प्रकल्पाच्या वहीला पहिला नंबर मिळाला. ते मी घरी कधी लिहिलं नाही. वही खरंच चांगली होती. त्यात एक पान आहे, 'लिहिता न येणाऱ्या बाईचं पत्र दुसऱ्यानं वाचलं की काय काय हरवतं.' ते मी विचार करून लिहिलं होतं.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

हे शेवटचं. यापुढे तू विचारल्याशिवाय मी काही लिहिणार नाही.

वह्या तपासणं हे माझं काम आहे असं मी म्हटलं, पण कुठे ते सांगितलं नाही. मी त्याच कॉलेजात, त्याच प्रकल्पाच्या कचेरीत आहे. कोण कुठल्या वस्तीवर जाणार याची यादी मी करते. मुलामुलींचे तास मीच मोजते आणि सही करते. गेल्या वर्षी यादीत आपल्या वस्तीचं नाव मी घातलं. मॅडम म्हणाल्या, पूल ओलांडून दोन तासांचा चढ आहे, कुणी तयार होणार नाही. मी म्हटलं, विचारून बघू. एक मुलगी तयार झाली, लाल दप्तरवाली. मी तिला माझं गाव ते आहे हे सांगितलं नाही. तिला फक्त म्हटलं, शेळ्या घेऊन डोंगराच्या त्या अंगाला जाणारी एक बाई आहे, तिला दुपारशिवाय वेळ नसतो, तिच्यासाठी वर्ग दुपारी ठेव.

स्वतः यायला तोंड नव्हतं म्हणून मी दुसऱ्याची लेक तुझ्या दारी पाठवली.

काल ती आली होती, वही द्यायला. तिच्या तासांच्या कागदात आठ दिवस कोरे होते. मी नेहमीच्या आवाजात कारण विचारलं. ती म्हणाली, आजी आजारी असल्याचा निरोप आला होता. तास बुडतील म्हणून ती जाणार नव्हती. तेव्हा शेळ्यावाल्या ताईंनी तिच्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाल्या, "घरी जा. तास नंतर भर. मी कुठे जात नाही, माझी पाटीही जात नाही."

मी सही केली.

मग तीच आपणहून सांगत बसली. तुम्ही आठजणी आहात. पुलाजवळच्या फळ्यावरचं गाडीचं वेळापत्रक आता तुमचं तुम्ही वाचता, दवाखान्याला जायचं तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागत नाही. आणि गुरुवारी एक म्हातारे काका नव्या टपालवाल्याबरोबर चढून येतात, शेळ्यावाल्या ताईंच्या दारापुढच्या दगडावर बसतात. डोळ्यांना दिसत नाही त्यांना. आता त्यांचं काही काम नसतं, तरी येतात. वहीत तिनं लिहिलंय, "ते कशाला येतात हे मी विचारलं नाही."

ताई, डबा उघड. थांब म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं होतं. काकांना काही बोलू नकोस. बोलायचंच असेल तर मला बोल. आईला शेवटचं खोटं ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. खरं मी असं लिहून ठेवलं होतं की ते कुणालाही तिच्यापुढे मोठ्यानं वाचता आलं नसतं.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तुझी चारही पत्रं आली. दोन एकदम आली. कोपरा दुमडलेलं पान आधी वाचलं. तू एकटीच वाच म्हटलंस, म्हणून डोंगरावर नेऊन वाचलं. शेळ्या होत्या.

डबा मी आधीच उघडला होता. तुला सांगून उघडणार म्हटलं होतं. सांगितलं आणि उघडला.

मी हळू वाचते. बोट ठेवून. मला वाटलं, इतक्या वर्षांची पत्रं, महिना लागेल. शेळ्या एक दिवस शेजारणीकडे दिल्या आणि बसले. एका दुपारी झाली. मग मी कागद उलटून पाहिले. मागं काही आहे का.

ते तीन वाक्यांचं पत्रही वाचलं. दोनदा. त्या दिवशी चूल पेटवली नाही.

आईला माहीत होतं. काका एकदा वाचून गेल्यावर तिनं तुझा कागद हातात धरला. म्हणाली, एवढ्याशा कागदात एवढं मावत नाही. मी म्हटलं, काकांना विचारू का. ती म्हणाली, नको. विचारलं तर वाचायचे थांबतील.

येते असं काकांनी वाचलं ते तिनं ऐकून घेतलं. काका गेल्यावर म्हणाली, बाज दाराकडे कर, वारा येतो. वाऱ्यासाठी म्हणाली की तुझ्यासाठी, मला माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी काही घालणार नाही.

मी तुला ठेवून घेईन अशी तुला भीती वाटली. ठेवून घेतलं असतं. ते खरं आहे. मला फार राग आला होता, तू शिकलीस त्याचा. तो आधीपासून होता. आई गेल्यावर त्याला जागा मिळाली.

यादीत नाव घातलंस ते चांगलं केलंस. मी तुझ्याकडून शिकले नसते. शेळ्यांच्या लशीचं कार्ड वाचलं. तारीख उलटली होती. खाली जाऊन सांगितलं. माणूस आला. यंदा एकही शेळी मेली नाही. लाल दप्तरवालीची आजी बरी आहे. तिनं मला लिहिलं.

गुरुवारी काका आले. विचारलं, धाकटीचं पत्र आहे का. मी म्हटलं, आहे. म्हणाले, वाच. मी तुझं दुसरं पत्र काढलं. त्यांना दिसत नाही तरी बोट ठेवून वाचलं. त्यांचं नाव आलं तिथं मी तांबड्या शेळीचं वाचलं. निळं कापड शिवलं असं वाचलं. काका कुठे बसतात, पाणी कोण देतं, असं तू विचारतेस असं वाचलं. पाणी पिऊन म्हणाले, पोरगी आता बरं लिहायला लागली.

हे लिहायला तीन दिवस लागले.

निळं कापड शिव. शिवलं असं मी काकांना वाचून बसले आहे.

तू येशील की नाही मला माहीत नाही. पण येते असं लिहू नकोस. दारात दिसलीस की कळेल.

ताई